सावलीत नुसती पानंच पानं: फाल्गुन-चैत्रात न फुलणाऱ्या बागेची तपासणी

फेब्रुवारी सरत आला की रस्त्याकडेचे पांगारे आणि काटेसावरी लाल होतात. इमारतीच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात किंवा आंब्याखालच्या वाफ्यात मात्र हिरव्याखेरीज दुसरा रंग दिसत नाही. तक्रार दर वर्षी तीच आणि उपायही तोच, खताची पिशवी आणायची. पण सावलीतल्या बागेत खत कमी पडलं म्हणून फुलं आली नाहीत असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा कात्री चुकीच्या महिन्यात चाललेली असते, पाणी गरजेपेक्षा जास्त पडत असतं, किंवा लावलेलं झाड तेवढ्या उजेडात फुलणारंच नसतं. हे तिन्ही दोष एक पैसा न खर्चता शोधता येतात. म्हणून तपासणीचा क्रम मोडू नका. फुकटच्या गोष्टी आधी, कुदळ-फावडं नंतर आणि नर्सरी सगळ्यात शेवटी.

खालचे महिने आणि मापं पुणे, सातारा, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा पठारी भागाला धरून आहेत. मुंबई, कोकण आणि गोव्यात हवा दमट असते, त्यामुळे तिथे पाणी आणखी कमी लागतं आणि कुजण्याचा धोका वाढतो. बाकी तर्क तोच.

आधी लक्षणं ओळखा

झाडासमोर दोन मिनिटं नुसतं उभं राहा. बऱ्याचदा निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

- फांद्या लांबुडक्या झाल्यात, दोन पेरांतलं अंतर वाढलंय, सगळं झाड एकाच बाजूला झुकलंय, पानं मोठी आणि गडद आहेत, पण कळी नाही: उजेड कमी आहे.
- झाड गोल, भरगच्च, निरोगी आहे, तरी एकही कळी नाही: छाटणी चुकीच्या वेळी झाली आहे.
- कळ्या येतात, वाटाण्याएवढ्या होतात आणि गळतात: पाण्याची ओढाताण, फुलकिडे किंवा ऐन कळीत कुंडीची जागा बदलणं.
- खालची पानं पिवळी, कुंडी उचलली तर जड, मातीला आंबूस वास: पाणी जास्त आहे किंवा निचरा बंद आहे.
- एप्रिलमध्ये पानांवर कागदासारखे कोरडे, पांढरट-तपकिरी चट्टे, तेही उन्हाच्या बाजूलाच: हा रोग नाही, पान भाजलंय.
- पानं हाताला चिकट लागतात, त्यांच्यावर काळी काजळी: आधी वरचं झाड बघा.
- नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या: मातीत चुना आहे.
- कंदाला दर वर्षी नुसती पानं येतात: मागच्या वर्षीचा उजेड किंवा न मिळालेली विश्रांती.
- झाड मरत नाही, पण तीन वर्षांत वीतभरही वाढलं नाही: मोठ्या झाडाची मुळं सगळं ओढून घेताहेत.

पहिली तपासणी: फुलायची वेळ तरी झाली आहे का?

यात खर्च काही नाही, फक्त कॅलेंडर बघायचं. फुटबॉल लिलीचा लाल चेंडू एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या सरींच्या आगेमागे वर येतो. मार्चमध्ये ती कुंडी मोकळीच दिसते आणि ‘मेली’ म्हणून रिकामी केली जाते. रंगीत पानांच्या कॅलेडियमचंही तसंच. थंडीत ते जमिनीखाली झोपतं आणि माती तापल्याशिवाय उठत नाही. सोनटक्का तर पावसाळ्यातच फुलतो, त्याच्याकडून चैत्रात फुलाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

पीस लिलीबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. विक्रीसाठी वाढवलेल्या रोपांवर अनेकदा जिब्रेलिक ॲसिड या संजीवकाची फवारणी केलेली असते, म्हणून दुकानात वर्षभर ती फुललेली दिसतात. घरी आणल्यावर तो बहर संपतो आणि झाड स्वतःच्या चालीवर येतं. मग पुढची फुलं सहसा वसंताच्या सुमारास, तीही पुरेसा उजेड असेल तरच. पहिल्या वर्षी फूल आलं नाही म्हणजे तुमचं काही चुकलंच, असं नाही.

दुसरी तपासणी: कात्री कधी चालली?

भरगच्च पण बिनफुलांच्या झाडाचं हे सर्वात नेहमीचं कारण आहे. जानेवारीत सोसायटीत ‘सफाई’ निघते आणि माळीकाका सगळी झुडपं एका उंचीवर आणून ठेवतात. जास्वंद, बोगनवेल, मोगरा यांचं त्यात फार बिघडत नाही, कारण ती नव्या फुटव्यावर फुलतात. सावलीतली वसंतात फुलणारी झुडपं मात्र जुन्या फांदीच्या शेंड्यावर फुलतात. शेंडा गेला की त्या वर्षाचा बहर गेला.

फ्रान्सिसिया घ्या. पहिल्या दिवशी जांभळं, दुसऱ्या दिवशी फिकट, तिसऱ्या दिवशी पांढरं होणारं फूल. डिसेंबर-जानेवारीत तिच्या शेंड्याशी बोट नेऊन बघा. पानांच्या बेचक्यात बारीक, टोकदार, हिरव्या कळ्यांचा झुबका हाताला लागतो. तो पानाच्या कोंभासारखाच दिसतो, म्हणून सर्रास कापला जातो. तिची छाटणी बहर ओसरल्यावर, एप्रिल-मेमध्ये करायची आणि सप्टेंबरनंतर कात्री लावायची नाही. दशमुळीला आणि तिच्याच कुळातल्या निळ्या एरांथेममला हाच नियम. फुलं संपली की मार्चअखेर फूटभर उंचीवर छाटा, पावसाळ्यात फुटवे भरतील आणि थंडी सरताना त्यांच्यावर फुलांची कणसं येतील.

दोष इथे सापडला तर बाकी काही करू नका. यंदाचा बहर गेला. झाडाच्या बुंध्याला चिठ्ठी बांधून ठेवा: ‘फुलं ओसरल्याशिवाय छाटू नये’. तोंडी सांगितलेलं पुढच्या जानेवारीपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

तिसरी तपासणी: उजेड मोजा

इथे एक सुट्टीचा दिवस द्या. सकाळी ८ ते संध्याकाळी ५ दर तासाला वाफ्यापाशी जा आणि लिहा: थेट ऊन, कवडसे, की नुसती सावली. ‘इथे बरा उजेड असतो’ यावर विसंबू नका. आपले डोळे अंधाराला लगेच सरावतात, त्यामुळे सावलीतला उजेड नेहमी आहे त्यापेक्षा जास्त वाटतो.

दुपारी १२ वाजता हाताची चाचणी करा. जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर तळहात धरा. सावलीची कड स्पष्ट असेल तर उजेड भरपूर. कड विरघळल्यासारखी दिसत असेल तर मध्यम. सावली पडतेय की नाही हेच कळत नसेल तर तिथे फुलाचा नाद सोडा. फोनमधल्या मोफत लक्समापक (उजेड मोजणाऱ्या) ॲपचा आकडा अचूक नसतो, पण दोन जागांची तुलना करायला तो पुरतो. भर उन्हात साधारण १ लाख लक्स असतात. मोकळ्या आकाशाखालच्या उजळ सावलीत १० ते २० हजार. जुन्या आंब्याखाली किंवा दोन इमारतींच्या बोळात दुपारी हाच आकडा दोन-तीन हजारांच्या आत येतो.

आता उत्तरेकडच्या पट्ट्याबद्दल जरा सविस्तर, कारण फसगत तिथेच जास्त होते. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला भर दुपारी ४० फूट उंच इमारतीची सावली उत्तरेला साधारण ३६ फूट पडते. २१ मार्चला तीच सावली १३ फुटांवर येते आणि मेच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवशी, नाहीशी होते. म्हणजे भिंतीपासून १० फुटांवरच्या झाडाला दुपारचं थेट ऊन १ एप्रिलच्या सुमारास लागतं आणि ३ फुटांवरच्या झाडाला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. शिवाय २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊनही या पट्ट्यात शिरतं. चार-पाच महिने सावलीत तयार झालेलं कोवळं पान एकदम ३८-३९ अंशांच्या उन्हात सापडतं आणि चार दिवसांत भाजतं. हा करपा समजून बुरशीनाशक फवारलं जातं, पण त्याचा काही उपयोग होत नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट पट्ट्याच्या बाहेरच्या कडेने बांधा आणि पाऊस सुरू झाला की काढा.

वर झाड असेल तर ते कोणतं, हेही लिहून ठेवा. आंबा आणि फणस बाराही महिने दाट. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि पाडव्याच्या सुमारास नव्या पालवीने भरतो. त्याच्याखाली नेमका कळी धरण्याच्या काळात उजेड वाढतो, त्यामुळे फुलांसाठी ही उत्तम जागा. पांगारा आणि चाफा थंडीत निष्पर्ण होतात, कंदफुलांना तेच हवं असतं. गुलमोहर आणि बहावा उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडे पडतात, त्यांच्याखालचे ॲंथुरियम किंवा कॅलाथिया मार्च-एप्रिलमध्ये हमखास करपतात.

उजेड थोडा कमी पडत असेल तर भिंतीला पांढरा चुना किंवा पांढरा रंग द्या. अरुंद पट्ट्यात त्याने फरक पडतो आणि खर्चही फारसा नाही. कुंड्या असतील तर त्या चार फूट पुढे सरकवून बघा. मात्र कळ्या धरलेली कुंडी हलवू नका.

चौथी तपासणी: बोट मातीत घाला

दोन इंच खोल. ओलं लागलं तर आज पाणी नको. सावलीतली कुंडी उन्हातल्या कुंडीपेक्षा कितीतरी हळू सुकते. थंडीत १० इंची कुंडीला चार-पाच दिवसांनी पाणी पुरतं, पण नळी एकदा हातात आली की सगळ्या कुंड्यांना सारखंच पाणी जातं. मुळांना हवा मिळत नाही, बारीक मुळं कुजतात, आणि मग झाड ओल्या मातीतही तहानल्यासारखं माना टाकतं. ते बघून आणखी पाणी घातलं जातं. सावलीतली बरीचशी झाडं याच फेऱ्यात मरतात.

शंका असेल तर कुंडी आडवी करून मातीचा गोळा सरकवून बाहेर काढा. पांढरी, करकरीत मुळं म्हणजे ठीक. तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढलं आणि साल निघून आत नुसता दोरा उरला, तर ते कुजलंय. कुजकी मुळं कापा, माती बदला आणि आठवडाभर पाणी अगदी बेताचं ठेवा. ट्रायकोडर्मा पावडर लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात मातीत ओतायला हरकत नाही, पण त्याच आठवड्यात कॉपर ऑक्सिक्लोराइड देऊ नका. ताम्रयुक्त औषधाने ही उपयोगी बुरशीही दबते आणि दोन्हींचे पैसे वाया जातात.

मार्चनंतर गणित उलटतं. हवा कोरडी होते आणि ऐन कळीत एखादी पाळी चुकली की फ्रान्सिसिया आणि अनंत कळ्या टाकतात. थंडीत कमी पाणी आणि कळी दिसल्यापासून नेमाने, असा बदल पाडव्याआधी व्हायला हवा.

कुंडीच्या कडेला पांढरा क्षार जमला असेल आणि पीस लिलीच्या पानांची टोकं तपकिरी होत असतील, तर बोअरच्या पाण्याचा दोष आहे. महिन्यातून एकदा खालून भरपूर निथळेल इतकं साधं नळाचं पाणी घालून क्षार धुऊन काढा.

पाचवी तपासणी: पान उलटून बघा

पांढरा कापूस पानाच्या बेचक्यात दिसला तर पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. पसरला असेल तर संध्याकाळी कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली आणि द्रव साबण १ मिली घालून पानाच्या दोन्ही बाजूंना फवारा, आठवड्याने पुन्हा. पान निस्तेज, बारीक ठिपक्यांचं आणि मागे जाळी असेल तर कोळी (रस शोषणारी बारीक कीड). त्याला कोरडी, तापलेली हवा मानवते, म्हणून तीन-चार दिवसाआड पानांच्या मागून जोराचा साधा पाण्याचा फवारा द्या. कळ्या वेड्यावाकड्या होत असतील तर एखादी कळी पांढऱ्या कागदावर झटका. सुईच्या टोकाएवढे लांबट किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे.

आंब्याखालच्या काजळीचं मूळ मात्र वर असतं. मोहराच्या काळात आंब्यावर तुडतुडे येतात, त्यांचा चिकट मधुरस खाली ठिबकतो आणि त्याच्यावर काळी बुरशी वाढते. खालच्या झाडाला रोग झालेला नसतो, फक्त त्याचा उजेड अडतो. पानं ओल्या फडक्याने पुसा किंवा धुवा. खालच्या झाडावर औषध मारून काहीही साधत नाही.

सहावी तपासणी: कंद उकरून बघा

बाजारात ॲमरिलिस किंवा नुसतं ‘लिली’ म्हणून मिळतं ते बहुधा हिपिअस्ट्रम. त्याला फूल नसण्याची कारणं तीन. कंद लहान आहे: व्यास दोन-अडीच इंचांच्या आत असेल तर तो अजून पानंच देणार. कंद खोल गाडलाय: वरचा तिसरा हिस्सा तरी मातीबाहेर हवा. किंवा त्याला विश्रांती मिळाली नाही: नोव्हेंबरअखेरपासून आठ ते दहा आठवडे पाणी तोडावं लागतं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा चालू करायचं. या वर्षीचं फूल मागच्या पावसाळ्यातल्या पानांनी कमावलेलं असतं. म्हणून फुलल्यानंतरही त्या पानांना रोज तीन-चार तास ऊन मिळायला हवं आणि ती हिरवी असताना कापायची नाहीत.

फुटबॉल लिलीला सावली चालते, पण छेडछाड चालत नाही. कंद उकरून दुसरीकडे लावला की ती एखादं वर्ष रुसते. युकॅरिस या पांढऱ्या फुलांच्या कंदाला तर गर्दी आवडते. कुंडी कंदांनी गच्च भरली की ती फुलते, म्हणून दर वर्षी वाटण्या करू नका.

कॅलेडियमचे कंद डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर पूर्ण कोरडे ठेवा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात डोळे वर करून दोन इंच खोल लावा. थंडीत पाणी घातलेला कंद बोटाने दाबला तर मऊ लागतो. तो वाचत नाही, बाकीच्या कंदांतून लगेच बाजूला काढा.

सातवी तपासणी: खत थांबवा

हो, थांबवा. शेणखत, युरिया, जीवामृत यांचा मारा चालू असेल तर दोन महिने सगळं बंद करून बघा. सावलीत झाड मुळात हळू वाढतं, जादा नत्र मिळालं की ते फक्त पान वाढवतं. कॅलेडियमवर तर हे डोळ्यांना दिसतं: नत्र जास्त झालं की गुलाबी-पांढऱ्या पानांत हिरवा रंग पसरत जातो. सावलीच्या झाडाला उन्हातल्या झाडाच्या निम्मं खत पुरतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला १० इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि डिसेंबर-जानेवारीत १५ दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम. याच्या पलीकडे जायची गरज पडली तर अडचण खतात नाही, उजेडात आहे.

आठवी तपासणी: माती आणि निचरा

आता फावडं हातात घ्या. पण सोसायटीच्या आवारात कुठेही खणण्याआधी विजेची केबल आणि पाण्याची लाइन कुठून गेली आहे हे विचारून घ्या. मीटरच्या खोलीजवळ तर नक्की.

फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरून पातळी मोजा. तासाला इंचभरसुद्धा उतरत नसेल तर निचरा वाईट आहे. काळी माती असेल किंवा बांधकामाच्या वेळी मशीनने दाबलेला मुरूम असेल तर असं होतं. खड्ड्यात वाळू भरून काम होत नाही, चिकट मातीतला वाळूचा खड्डा पाणी साठवणारा हौद बनतो. त्यापेक्षा विटांचा नऊ ते बारा इंच उंच वाफा करा आणि त्यात चार भाग लाल माती, तीन भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग भाताचं तूस भरा. वाफा इमारतीच्या भिंतीला टेकवू नका, मध्ये हातभर जागा सोडा, नाहीतर ओल घरात येईल.

खणताना प्लास्टरचे तुकडे, सिमेंटचे गोळे निघाले तर चिमूटभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना भरपूर आहे. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि अनंत, फ्रान्सिसिया यांची नवी पानं पिवळी पडतात. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी तात्पुरती मदत करते. कायमचा उपाय म्हणजे ही झाडं कुंडीत घेणं.

नववी तपासणी: मोठ्या झाडाची मुळं

मोठ्या झाडाची अन्न-पाणी शोषणारी मुळं बहुतांश वरच्या फूट-दीड फुटातच असतात आणि पानांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. आंब्याखाली तुम्ही घातलेलं पाणी आधी आंबाच पितो. खुरपं मारलं आणि तिसऱ्या-चौथ्या इंचालाच मुळांचं जाळं लागलं तर तिथे थेट लागवड करू नका. ती मुळं तोडूही नका, आणि बुंध्याभोवती मातीचा ढीग करून वाफा तर मुळीच नको. बुंधा मातीत गाडला गेला की साल कुजते आणि मोठं झाडच धोक्यात येतं. त्याऐवजी १२ ते १४ इंची कुंड्या विटांवर ठेवा. पालापाचोळ्याचं दोन इंचांचं आच्छादन चालेल, बुंध्यापासून वीतभर दूर.

मग लावायचं काय?

एवढं सगळं तपासून झाडच चुकीचं ठरलं, तर ते काढण्यात कमीपणा नाही. मोगरा, गुलाब, बोगनवेल, पेट्युनिया यांना रोज पाच-सहा तास ऊन लागतं. सावलीत ती जगतात, फुलत नाहीत. गच्चीवर किंवा दक्षिणेच्या बाल्कनीत हलवा. कुणाला देऊन टाकलीत तरी चालेल.

सकाळचं दोन-तीन तास ऊन येत असेल तर फ्रान्सिसिया लावा. सावलीजवळच्या जागेत वसंताचा इतका भरगच्च रंग दुसरं झुडूप देत नाही. दोन झाडांत चार फूट अंतर ठेवा. घरी कुत्रा असेल तर मात्र टाळा, तिच्या बिया आणि फळं कुत्र्यांना विषारी असतात. तिच्याबरोबर पिवळ्या कणसांचं पॅकिस्टाचिस, ज्याला नर्सरीत लॉलीपॉप म्हणतात, आणि पुढच्या रांगेत अबोली. अबोलीला हलकी सावली मानवते, आणि वाळलेली कणसं वेळच्या वेळी खुडली तर ती थांबत नाही. हिपिअस्ट्रमही इथेच.

थेट ऊन नाही पण आकाश मोकळं दिसतं, अशा उजळ सावलीत दशमुळी लावून बघाच. ती सह्याद्रीच्या जंगलातली, झाडांखालीच वाढणारी, निळसर-जांभळ्या कणसांची. फूल जुनं होताना लालसर होतं, त्यामुळे एकाच कणसावर दोन रंग दिसतात. एवढं आपल्या मातीतलं झाड आपल्याच बागांत इतकं कमी दिसावं, याचं वाईट वाटतं. ॲंथुरियमची जागाही हीच, फक्त त्याला माती नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटांचे तुकडे आणि कोळसा यांत लावा. त्याच्या प्रत्येक नव्या पानाच्या बगलेत एक फूल येतं, म्हणजे नवं पान येत नसेल तर फूलही येणार नाही. इम्पेशन्स ऑक्टोबरमध्ये पेरलं किंवा काडीने लावलं तर फेब्रुवारी-मार्च रंगाने भरून टाकतं. एप्रिलच्या उन्हात ते संपतं, त्याला जगवण्यासाठी धडपडू नका.

त्याहून कमी उजेडात पीस लिली, युकॅरिस आणि बिगोनिया. फुलं मोजकी मिळतील.

दाट सावलीत, जिथे तळहाताची सावली पडत नव्हती, तिथे रंग पानांचाच. लाल-गुलाबी ॲग्लोनिमा, कॅलाथिया, आणि कडेला थोडा जास्त उजेड असेल तिथे कॅलेडियम. पांढऱ्या पानांचं कॅलेडियम अंधाऱ्या कोपऱ्यात लाल रंगापेक्षा जास्त उठून दिसतं. लाल रंग सावलीत काळपट दिसतो, म्हणून खरेदी करताना रोप दुकानाच्या उन्हात न बघता आत सावलीत नेऊन बघा. मुलं लहान असतील तर ही ॲग्लोनिमा-कॅलेडियम-पीस लिलीची मंडळी हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. पान चावलं तर तोंडाची जबर आग होते.

लागवड जून-जुलैमध्ये करा. फेब्रुवारीत फुललेलं रोप आणून जमिनीत लावलं तर मुळं धरण्याआधीच उन्हाळा येतो. ते आणायचंच असेल तर पावसापर्यंत कुंडीतच राहू द्या. आणि एका जागी एकाच जातीची दहा-बारा रोपं आणण्याआधी दोन रोपं वर्षभर ठेवून बघा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

उजेडासाठी वरच्या झाडाची फांदी काढायची असेल तर स्वतः शिडी लावू नका. मनगटापेक्षा जाड फांदी खाली येताना साल सोलत येते आणि जखम कुजते. शहरात झाड तोडायला आणि फांद्या छाटायलाही परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, अर्ज पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे करायचा. परवानगी आल्यावर झाडाची जाण असलेल्या माणसाकडून खालच्या मोजक्या फांद्या काढून घ्या, शेंडा कधीही छाटू नका. बुंध्यावर कुत्र्याच्या छत्र्या, पोकळी, किंवा झाड नव्याने कललेलं दिसलं तर त्याच्याखाली काम करणं आजच थांबवा आणि पालिकेच्या उद्यान विभागाला कळवा.

पाणी न घालताही पट्टा बाराही महिने ओला राहत असेल, वास येत असेल, तर ड्रेनेजची लाइन किंवा चेंबर फुटलेला असू शकतो. तो प्लंबरचा विषय आहे, आणि दुरुस्ती होईपर्यंत ती माती हातमोज्यांशिवाय हाताळू नका. खाली पार्किंग किंवा तळघर असेल आणि छताला ओल दिसत असेल तर लागवड पूर्ण थांबवून वॉटरप्रूफिंग करणाऱ्याला दाखवा.

चार-पाच जातींची झाडं एकाच वाफ्यात दोन हंगाम मरत असतील तर आणखी रोपं आणू नका. वाफ्यात पाच-सहा ठिकाणी सहा ते आठ इंच खोलीपर्यंतची माती घ्या, मिसळून सावलीत वाळवा आणि साधारण अर्धा किलो जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच) आणि क्षारता हे दोन आकडे मागून घ्या. नमुना घेण्याआधी दोन-तीन महिने त्या जागी खत पडलेलं नसावं, नाहीतर आकडा मातीचा न येता खताचा येतो.